उपग्रहाची वाट सोडताना

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या करकपात आणि खर्चविषयक महाकाय कायद्यात एक कलम असे आहे, ज्याची चर्चा करांच्या गदारोळात जवळपास झालीच नाही. 'सी-बँड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहरींच्या पट्ट्याच्या वरच्या भागातून, म्हणजे ३.९८ ते ४.२ गिगाहर्ट्झमधून, किमान १०० मेगाहर्ट्झ लहरी दोन वर्षांच्या आत लिलावात काढाव्यात, असे या कलमाने तेथील दूरसंचार नियामकाला बजावले आहे. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ हा ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा कित्येक दशके दूरचित्रवाणीच्या उपग्रहांचा हक्काचा होता. २०२१ मध्ये संपलेल्या लिलावात त्यातील २८० मेगाहर्ट्झ मोबाइल कंपन्यांनी सुमारे ८१ अब्ज डॉलर मोजून घेतले. आणखी २० मेगाहर्ट्झ मधली मोकळी जागा म्हणून सोडावे लागले. उरलेल्या २०० मधले निम्मे किंवा त्याहून अधिक आता जाणार आहेत. लहरींना एवढा भाव येत असेल, तर त्या बातमीपत्रांसाठी राखून ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही.

साहजिकच प्रश्न उभा राहतो तो वाहिन्यांच्या मालवाहतुकीचा. प्रेक्षकाच्या पडद्यावर चित्र उमटण्यापूर्वी ते दोन प्रवास करून आलेले असते. पहिला मैदानातून किंवा घटनास्थळावरून स्टुडिओपर्यंतचा आणि दुसरा स्टुडिओतून केबल कंपन्या व डीटीएच केंद्रांपर्यंतचा. हे दोन्ही प्रवास आजवर प्रामुख्याने उपग्रहावरून होत आले. त्यांना पर्याय एकच, तो म्हणजे इंटरनेट. मात्र ज्या स्वरूपात हे चित्र बांधलेले असते ते स्वरूप इंटरनेटसाठी जन्मालाच आलेले नाही.

हे स्वरूप म्हणजे 'एमपेग-२ ट्रान्स्पोर्ट स्ट्रीम'. १९९० च्या दशकाच्या मध्यास ते आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि डिजिटल चित्रवाणीचे सारे जग त्यावर उभे राहिले. उपग्रह असो, केबल असो वा जमिनीवरचे मनोरे, सर्वत्र हेच. याच नावाची चित्रसंकोचनाची पद्धतही आहे आणि ती आता म्हातारी झाली आहे. बऱ्याच वाहिन्या एमपेग-४ किंवा त्यानंतरच्या पद्धतींकडे वळल्या. पण आतला माल बदलला तरी वरची बांधणी तीच राहिली. चित्र, ध्वनी, उपशीर्षके, वाहिनीचे नाव, जाहिरात कोठे सुरू करायची याच्या खुणा, हे सर्व बरोबर १८८ बाइटच्या पुडक्यांत भरायचे आणि ती पुडकी एकामागून एक, न थांबता सोडत राहायचे, अशी ही व्यवस्था.

१८८ हा आकडा कोठून आला, याची कथा मोठी उद्बोधक आहे. त्या काळी दूरध्वनी कंपन्यांचा भरवसा 'एटीएम' नावाच्या जाळ्यावर होता (पैसे देणाऱ्या यंत्राशी त्याचा संबंध नाही). या जाळ्याच्या प्रत्येक घरात, एक बाइट हिशेबासाठी सोडल्यास, ४७ बाइट माल मावत असे. चार घरांत १८८. उद्याचे जग याच जाळ्यावरून चालणार, असे गृहीत धरून पुडक्याचे माप ठरले. ते जाळे पुढे इंटरनेटच्या रेट्यात मागे पडले, त्याच्यासाठी बेतलेले माप मात्र जगभरच्या सेट टॉप बॉक्समध्ये कायम आहे.

शिस्तीचे गणित

पुडक्याचे माप ही तशी किरकोळ बाब. खरी अडचण वेळेची आहे. उपग्रहाच्या वाटेवर पाठवलेली वस्तू ठरलेल्या क्षणी पोहोचते. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन परत खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. पण तो नेहमी तेवढाच लागतो. या खात्रीवर ट्रान्स्पोर्ट स्ट्रीमची सारी रचना आहे. पाठवणारे यंत्र प्रवाहात ठरावीक अंतराने आपल्या घड्याळाची वेळ टाकत जाते. सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके देणारे हे घड्याळ असते आणि दोन नोंदींत जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांचे अंतर चालते. घेणारे यंत्र त्या नोंदींवरून आपले घड्याळ जुळवते. नोंदीच्या अचूकतेत चूक किती चालते? एका सेकंदाच्या वीस लाखाव्या भागापर्यंत, म्हणजे ५०० नॅनोसेकंद. सार्वजनिक इंटरनेटवर दोन पॅकेटांच्या पोहोचण्यात २० मिलिसेकंदांचा फरक पडणे ही रोजची गोष्ट आहे. हा फरक त्या मर्यादेच्या ४० हजार पट भरतो.

दुसरी अडचण गळतीची. उपग्रहावरून माल एकाच दिशेने जातो. ताटलीला उपग्रहाकडे तक्रार करता येत नाही. म्हणून दुरुस्तीचे साहित्य आधीच बरोबर द्यावे लागते. पहिल्या पिढीच्या उपग्रह प्रक्षेपणात १८८ बाइटच्या प्रत्येक पुडक्यामागे १६ बाइट असे जोडलेले असत, की वाटेत आठ बाइट बिघडले तरी ते गणिताने पुन्हा उभे करता यावेत. इंटरनेटवर बिघाडाची जातच वेगळी. तेथे बाइट बिघडत नाहीत, अख्खे पॅकेट नाहीसे होते. प्रचलित प्रथेप्रमाणे एका पॅकेटात सात पुडकी, म्हणजे १३१६ बाइट भरतात. कारण इथरनेटच्या १५०० बाइटच्या मर्यादेत आठवे मावत नाही. सेकंदाला १ कोटी बिट अशा प्रवाहात साडेनऊशे पॅकेट जातात. त्यांतील एक टक्का गळाली तरी सेकंदाला नऊ-दहा पॅकेट, म्हणजे साठ-सत्तर पुडकी गेली. पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात ती त्यामुळे.

इंटरनेटचा नेहमीचा उपाय म्हणजे हरवलेले पुन्हा मागवणे. संकेतस्थळे आणि ई-मेल ज्या टीसीपी पद्धतीवर चालतात ती हेच करते. पण ती हट्टी आहे. हरवलेले पॅकेट मिळेपर्यंत मागची सगळी रांग ती अडवून धरते. पत्राला दोन सेकंद उशीर झाला तर काही बिघडत नाही. चेंडू सीमापार गेल्यावर मात्र चित्र दोन सेकंद गोठून चालत नाही. अॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीने यावर तोडगा काढला तो असा, की प्रक्षेपणाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे करायचे, तीन तुकडे हाताशी ठेवायचे आणि मग दाखवायला सुरुवात करायची. गंमत अशी, की हे तुकडेही सुरुवातीची सात वर्षे ट्रान्स्पोर्ट स्ट्रीमचेच होते. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. डीटीएच असलेल्या शेजाऱ्याच्या घरातून आरोळी येते आणि मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो. तुकडे पुढे लहान झाले, विलंबही घटला. तरी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना डिस्ने हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक पाहत होते, असा कंपनीचा दावा आहे. एवढ्या गर्दीला विनातक्रार चित्र पुरवायचे तर पदरी काही सेकंदांची शिल्लक ठेवावीच लागते.

रुळांवरचे ट्रक

प्रेक्षकापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात ही शिल्लक खपून जाते. मैदान ते स्टुडिओ या पहिल्या टप्प्यात ती खपत नाही. निवेदक स्टुडिओतून प्रश्न विचारणार आणि वार्ताहर तीस सेकंदांनी उत्तर देणार, असे बातमीपत्र कोण पाहील? या कोंडीतून वाट काढणारी पद्धत कॅनडातील हायव्हिजन या कंपनीने विकसित केली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचा आज्ञासंच सर्वांना खुला केला. तिचे नाव एसआरटी. तिचा पाया अमेरिकेतील शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात वैज्ञानिक माहितीचे प्रचंड साठे हलवण्यासाठी तयार झालेल्या यूडीटी या पद्धतीत आहे. टीसीपीऐवजी ती यूडीपी या १९८० च्या साध्या पद्धतीवर चालते. यूडीपी काहीही हमी देत नाही आणि म्हणूनच कोणाला अडवतही नाही.

एसआरटीची युक्ती थोडक्यात अशी. प्रत्येक पॅकेटावर निघाल्याची वेळ नोंदवायची. घेणाऱ्याने ठरावीक मुदतीची साठवण करायची, मूळ संचात ही मुदत १२० मिलिसेकंद आहे. या मुदतीत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवायचे. आले तर ठीक, मुदत टळली तर त्याचा नाद सोडून पुढे जायचे. आणि बाहेर पडताना पॅकेटांमध्ये ते अंतर राखायचे, जे निघताना होते. या शेवटच्या कलमात सगळी मेख आहे. इंटरनेटने विस्कटलेली शिस्त दाराशी पुन्हा बसवली जाते आणि पलीकडच्या जुन्या यंत्राला माल उपग्रहावरून आला की समुद्राखालच्या तारेवरून, याचा पत्ताही लागत नाही.

कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी 'रो-रो' सेवा सुरू केली. माल उतरवायचा नाही, पुन्हा भरायचा नाही, ट्रक आहे तसा चालकासकट सपाट डब्यावर चढवायचा आणि घाट टाळून पलीकडे उतरवायचा. एसआरटी ही चित्रवाणीची रो-रो सेवा होय. ट्रकचे इंजिन, चाके, डिझेलची टाकी यांचे ओझे रेल्वे विनाकारण वाहते हे खरे. त्याचप्रमाणे ट्रान्स्पोर्ट स्ट्रीममध्ये गती कायम राखण्यासाठी भरलेली रिकामी पुडकीही इंटरनेटवरून वाहिली जातात. 'रिस्ट' या स्पर्धक पद्धतीच्या २०२० मधील आवृत्तीत ही रिकामी पुडकी वाटेत काढून टाकून पलीकडे पुन्हा घालण्याची सोय आहे. तरीही माल उतरवण्याचा आणि चढवण्याचा खर्च वाचतो, हा मुद्दा निर्णायक ठरला. विशेषतः जाहिरातींच्या खुणांबाबत. स्वरूप बदलताना त्या गळाल्या तर पडद्यावर काही बिघडलेले दिसत नाही, पण जाहिरात चुकीच्या क्षणी सुरू होते किंवा होतच नाही. वाहिनीच्या दृष्टीने चौकोनी ठिगळांपेक्षा हे नुकसान मोठे.

या सेवेची मर्यादा भूगोलाने घातली आहे. हरवलेले पॅकेट मागवायचे तर निरोप जाऊन माल परत यावा लागतो. मुंबई-लंडन या प्रवासाला समुद्राखालच्या केबलचा वळसा धरता जाऊन-येऊन १०० मिलिसेकंदांहून अधिक लागतात. म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या मुदतीत जेमतेम एक प्रयत्न शक्य. म्हणून मुदत जाण्या-येण्याच्या वेळेच्या सुमारे चौपट ठेवावी, असा संकेत रुळला आहे. लंडनसाठी ती अर्ध्या सेकंदाच्या आसपास जाते. प्रकाशवेगाने धावणारी तार उपग्रहापेक्षा जलद, हे पाठ्यपुस्तकातील विधान अशा रीतीने व्यवहारात उलटे होते. खात्रीशीर चित्र उपग्रहावरून पाव सेकंदात आणि तारेवरून अर्ध्या सेकंदात पोहोचते. त्यातच तारा तुटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या. दुसऱ्या वेळी मुंबईला येणाऱ्या सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई यांनाही फटका बसला. वाहतूक लांबच्या वाटेने वळवली गेली, की चौपटीचे गणितही वाढते. अभियंत्याने सकाळी ठरवलेली मुदत दुपारी अपुरी ठरते.

तरीही एसआरटीचा प्रसार झपाट्याने झाला, कारण ती फुकट होती. उपग्रहाचा वेळ विकत घेणे आणि छतावर ताटली असलेली गाडी घटनास्थळी नेणे हा मोठ्या वाहिन्यांचा खेळ होता. एसआरटी मात्र ओबीएस आणि व्हीएलसीसारख्या मोफत आज्ञावलींतही आली. २०२० मध्ये टाळेबंदीने कर्मचाऱ्यांना घरी बसवले तेव्हा तिची खरी कसोटी लागली. भारतात सरकारी नियमही मागोमाग आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने उपग्रह वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. त्यांत उपग्रह-गाडीव्यतिरिक्त ऑप्टिकल फायबर, पाठीवरची पिशवी, मोबाइल अशा साधनांनी बातमी गोळा करण्यास वेगळ्या परवानगीची गरज नाही, असे स्पष्ट करण्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणचा वार्ताहर आज पिशवीत चार-सहा सिमकार्डे घेऊन थेट प्रक्षेपण करतो, त्यामागे हा बदल आहे.

एसआरटीत उणे नाही असे नाही. ब्राउझरमध्ये ती चालत नाही. शिवाय ती फारशी शेजारधर्म पाळत नाही. वाट तुंबली की टीसीपी आपला वेग कमी करते. थेट प्रक्षेपणातील एसआरटी ठरलेल्या गतीने माल लोटतच राहते आणि वर हरवलेल्या पॅकेटांची पुनर्पाठवणी करून गर्दीत भरच घालते. एखाद्या कंपनीच्या खासगी तारेवर हे चालून जाते. प्रत्येक वाहिनी आणि प्रत्येक प्रेक्षक हेच करू लागला तर सार्वजनिक जाळ्याचे काय होईल, याचे उत्तर उत्साहवर्धक नाही.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचे लक्ष म्हणूनच क्विक या नव्या पद्धतीकडे आहे. गूगलमध्ये २०१२ मध्ये सुरू झालेले हे काम मे २०२१ मध्ये अधिकृत मानक झाले. क्विकही यूडीपीवरच चालते, पण तिच्यात एकाच जोडणीतून अनेक स्वतंत्र प्रवाह जातात. एक अडला म्हणून दुसरा अडत नाही. सांकेतिकीकरण सक्तीचे आहे आणि ब्राउझर ती जाणतात. तिच्या आधारे मैदानापासून मोबाइलपर्यंत एकच पद्धत असावी, यासाठी 'मीडिया ओव्हर क्विक' हा कार्यगट २०२२ मध्ये स्थापन झाला. क्लाउडफ्लेअरने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जाळ्यावर तिचा प्रायोगिक वापर खुला केला. मानक स्वतः मात्र २०२५ च्या अखेरीस मसुद्याच्या अवस्थेतच होते.

जुन्या स्वरूपाचा आणि या नव्या पद्धतीचा संसार सहज जुळणारा नाही. पहिला खटका अगदी मापाचा. क्विकला वाटेकडून किमान १२०० बाइटच्या पॅकेटाची हमी लागते. त्याहून मोठे चालेल की नाही, हे तपासून पाहावे लागते. हमीविना पाठवायच्या मालाचे तुकडे करण्यासही तिच्या नियमांत मनाई आहे. सात पुडक्यांचे १३१६ बाइटचे गाठोडे येथे अडते, सहाच पुडकी न्यावी लागतात. पंचवीस वर्षे यंत्रांत मुरलेली सातची सवय मोडायची म्हणजे काय, हे नियंत्रण कक्षातील अभियंतेच जाणोत. दुसरा खटका स्वभावाचा. क्विक गर्दी पाहून हात आखडता घेते, आणि हमीविना मालही त्यातून सुटत नाही. ट्रान्स्पोर्ट स्ट्रीमला थांबणे माहीत नाही. तिसरा आणि सर्वांत खोल खटका रचनेचा आहे. चित्र, ध्वनी, उपशीर्षके वेगवेगळ्या प्रवाहांत पाठवता येणे हे क्विकचे बळ, तर ते सर्व एका दोरीत ओवून एका घड्याळाला बांधणे हे ट्रान्स्पोर्ट स्ट्रीमचे. दोरी तशीच ठेवली तर नव्या पद्धतीचा लाभ नाही. सोडली तर पलीकडे ती पुन्हा जशीच्या तशी ओवता आली पाहिजे. एसआरटीलाच क्विकच्या बोगद्यातून नेण्याचा प्रस्तावही २०२१ मध्ये पुढे आला होता. ट्रक रेल्वेवर आणि रेल्वे जहाजावर, असा हा प्रकार.

मग जुने स्वरूप सोडून का देत नाहीत? काहींनी सोडले. अमेरिकेत आकारास आलेल्या आणि मे २०१७ मध्ये दक्षिण कोरियाने प्रथम वापरात आणलेल्या एटीएससी ३.० या मानकात ट्रान्स्पोर्ट स्ट्रीमला स्थान नाही, थेट इंटरनेटच्या पॅकेटांचीच मनोऱ्यावरून पाठवणी होते. मोबाइलवर थेट प्रक्षेपणाच्या भारतातील चाचण्या याच जातीच्या तंत्रावर बेतलेल्या आहेत. परंतु भारतात २०१२ ते २०१७ दरम्यान टप्प्याटप्प्याने केबलचे डिजिटायझेशन झाले. मुंबई पहिल्या टप्प्यात होती. तेव्हा घरोघरी बसलेल्या पेट्यांना १८८ बाइटच्या पुडक्यांखेरीज काही पचत नाही. या चिकाटीचा बाजारभावही उघड आहे. चार कोटींहून अधिक घरांत पोहोचत असल्याचा अंदाज असलेल्या डीडी फ्री डिशच्या लिलावांत एमपेग-२ च्या जागांना एमपेग-४ च्या जागांपेक्षा कितीतरी चढा भाव मिळत आला आहे. कारण जुनी पेटी असलेला प्रेक्षक तेथे आहे. त्याला नव्या तंत्राचे आकर्षण नाही, वाहिनीला त्याच्या संख्येचे आहे.

म्हणजे पुढची बरीच वर्षे दोन्ही टोकांना जुने स्वरूप आणि मधल्या वाटेवर इंटरनेट, अशी व्यवस्था राहणार. तांत्रिकदृष्ट्या ती निभावेल. जोखीम आहे ती जबाबदारीच्या विभागणीत. उपग्रहाच्या वाटेवर ती सोपी होती, एक परवाना, एक भूकेंद्र, एक उपग्रह. इंटरनेटच्या वाटेवर मोबाइल कंपनी, क्लाउड कंपनी, केबलचा मालक आणि स्थानिक सेवा पुरवठादार अशी साखळी येते. निवडणूक निकालाच्या सकाळी चित्र थांबले तर त्यांपैकी प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे दाखवायला बोट असते. उपग्रहाला शंभर केबल कंपन्या काय आणि हजार काय, खर्च सारखाच. तारेवर मात्र प्रत्येक घेणाऱ्यामागे वेगळी प्रत जाते. मोठ्या शहरातील कंपनीला हा खर्च जाणवत नाही, तालुक्याच्या केबलचालकाला जाणवेल. त्याच्याकडे आज एक ताटली आहे आणि पाऊस सोडला तर तिला मासिक बिल नाही.

भारतातही ही वेळ दूर नाही. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा दूरसंचार कंपन्यांसाठी काढण्यात आला आणि ती हद्द उपग्रह वाहिन्यांच्या उंबरठ्याला येऊन भिडली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने जे चर्चापत्र काढले त्याचा विषय हाच होता. उपग्रहाचा वापर न करता, जमिनीवरच्या मार्गाने वितरकांपर्यंत पोहोचणाऱ्या वाहिन्यांना नियमांच्या चौकटीत कसे आणावे, असा प्रश्न त्यात मांडलेला होता. तोवर वाहिनी म्हणजे उपग्रह वाहिनी, असेच सरकारी नियम धरून चालले होते. परवाना, शुल्क आणि मजकुराची जबाबदारी यांवर त्या पत्रात बराच खल आहे. वाटेत पॅकेट हरवले तर ते कोणाचे, हा प्रश्न परवान्याच्या अटींत कोणत्या कलमाखाली बसवायचा, हे मंत्रालयाला केव्हातरी ठरवावे लागेल.